गल्लीची वही

आणीबाणीवर आजवर पुष्कळ लिहून झालं. जे तुरुंगात गेले त्यांनी डायऱ्या छापल्या. जे भूमिगत होते त्यांनी वेषांतराच्या गोष्टी सांगितल्या. दरवर्षी २५ जून आला की व्याख्यानं होतात, शाली पांघरल्या जातात. त्यात वाईट काही नाही. ज्यानं भोगलं त्यानं सांगावं. पण या लिखाणात एक वाक्य ठरलेलं असतं : त्या रात्री लोकशाहीचा खून झाला. ते वाचलं की मला हसू येतं. त्या रात्रीच्या आधी लोकशाही आमच्या वस्तीत कोणत्या गल्लीनं आली होती, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

पोलीस विनावॉरंट घरात शिरायचे ते १९७५ च्या आधीही. झोपडं पाडायला नोटीस लागते हे आम्हाला माहीतच नव्हतं. धरून नेलेला माणूस कोणत्या चौकीत आहे हे बायकांनी चार चौक्या हिंडून शोधायचं, हा रिवाजच होता. वरच्यांना जे १९७५ साली कळलं ते आमच्या आज्या-पणज्यांना पाठ होतं. पण काहीच फरक पडला नाही असंही नाही. आधी ओरडता तरी येत होतं. मोर्चा नेता येत होता. पेपरात चार ओळी यायच्या. आणीबाणीनं तेवढंही काढून घेतलं. सभा नाही, मोर्चा नाही, पेपरावर सेन्सॉर, आणि 'मिसा' खाली धरलेल्याला का धरलं हे सांगायची गरज नाही.

मग आमच्या वस्तीनं काय केलं? तेच सांगायला बसलोय. कार्यकर्ते पोरं मला विचारतात, काका, तुमच्या वेळेला दडपशाही होती तेव्हा तुम्ही कसे लढलात? त्यांना वाटतं, दगडफेक, भित्तिपत्रकं असलं काही सांगेन. तसलं काही नव्हतं. आमच्याकडे एक नळ होता, एक मडकं होतं आणि एक वही होती.

मुंबईच्या पूर्वेला, खाडीच्या कडेला आमची वस्ती. १९७२ च्या दुष्काळानं भरलेली. जालना, बीडकडची माणसं जास्त, थोडी सांगली-साताऱ्याची. गावाकडे मिलो खाऊन, खडी फोडून जगलेली आणि तेही सरलं तेव्हा गाडीत बसलेली. आमच्या गल्लीत त्रेचाळीस घरं. निम्म्याहून अधिक आपली, बौद्धांची. मग मातंग, चार-पाच घरं मुसलमानांची, एक तमिळ कुटुंब. सगळे एकदिलानं राहत होते असं मी म्हणणार नाही. नळावर शिवी निघायची तेव्हा जातीवरूनच निघायची. बाबासाहेबांचा फोटो भिंतीला असलेल्या घरातही मातंगाच्या घरचा चहा काहीजण टाळायचे. हे लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे.

या सगळ्यांना धरून ठेवणारी एक बाई होती. सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. नवरा गोदीत मेलेला, स्वतः बांधकामावर घमेली वाहायची. अक्षर एक येत नव्हतं. तिची भिशी होती. भिशीशिवाय तिनं एक मडकं ठेवलं होतं. रोज संध्याकाळी भाकरीचं पीठ मळायच्या आधी प्रत्येक घरातून एक मूठ धान्य त्यात पडायचं. ज्वारी असो, तांदूळ असो. ज्या घरचा माणूस आजारी पडला, कामावरून सुटला, मेला, त्या घरी ते मडकं जायचं. कोण कुठल्या जातीचा हे मडक्याला विचारायचं नाही, एवढा एकच कायदा. हे १९७३ पासून चालू होतं. तेव्हा आणीबाणीचं नावही नव्हतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

पुढाऱ्यांचं काय चाललं होतं तेही सांगतो. १९७२ साली पँथर उभी राहिली तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोरांच्या छातीत हवा भरली होती. जानेवारी १९७४ मध्ये वरळी पेटली, भागवत जाधव गेला, आणि त्याच वर्षी पँथर फुटली. आणीबाणी आली तेव्हा आपल्या चळवळीची एक तलवार नव्हती, तुकडे होते. काहींनी इंदिरा गांधींना उघड पाठिंबा दिला. त्यांना नुसतं गद्दार म्हणून मोकळं होता येत नाही. वीस कलमी कार्यक्रमात वेठबिगारी मोडायची, भूमिहीनांना जमीन द्यायची भाषा होती. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चाच. अस्पृश्यतेचा १९५५ चा कायदा कडक करून नागरी हक्क संरक्षण कायदा केला तोही १९७६ मध्ये. गावात पाटलाची दहशत सोसलेल्या माणसाला वाटायचं, दिल्लीत एक जबरदस्त बाई बसलीय, ती पाटलाला तरी सरळ करेल. आमच्या गल्लीतही असं बोलणारे होते. त्यांना झोपडपट्टीच्या गणतीनं जागं केलं.

जानेवारी १९७६ मध्ये सरकारनं मुंबईतल्या झोपड्यांची गणती केली. सरकारी माणूस दारात येणार, नंबर टाकणार, मग कुटुंबाचा फोटो, मग फोटोपास. पास असेल तर तुम्ही आहात. नसेल तर नाही. आदल्या वर्षीच, १९७५ मध्ये, मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण झटपट हटवायचा कायदा झाला होता. म्हणजे गणतीत सुटलेलं घर कधीही उठवता येणार. आणि सुटणार कोण? जो रात्रपाळीला गेलाय तो. जी बाळंतपणाला गावी गेलीय ती. ज्याचं झोपडं गेल्या महिन्यात जळालं आणि जो शेजाऱ्याच्या पडवीत झोपतोय तो.

आत्या म्हणाली, "सरकार मोजायच्या आधी आपून मोजू. त्येंची यादी येगळी निघाली तर आपली दावायची."

मी दहावीला होतो. दोनशे पानी वही आणली, पैसे मडक्यातले. आत्या पुढे, मी मागे. प्रत्येक घराच्या फळीवर गेरूनं आकडा टाकला. वहीत लिहिलं : घर किती साली बांधलं, माणसं किती, कामाला कुठं, रात्रपाळी कुणाला, कोणाचं रेशनकार्ड कुणाच्या नावावर. दोन रात्रींत त्रेचाळीस घरं लिहून झाली. गणतीच्या दिवशी सहा घरं बंद होती. त्या सहाही दारांत शेजारी उभे राहिले आणि वहीतून नावं वाचली. चार घरं घेतली गेली, दोन राहिली. त्या दोघांना पास मिळायला पुढं फार खेटे पडले.

वही तिथं थांबली नाही. मोजून झाल्यावर आत्या म्हणाली, आता लिहीतच राहा. कुणाला पोलिसांनी नेलं, कधी नेलं, गाडीचा नंबर काय, कोणत्या हवालदारानं नेलं, बरोबर कोण होतं. सुरुवातीला मला तो वेडेपणा वाटला. लिहून करायचं काय? कोण वाचणार?

२८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. आमच्या रात्रशाळेचे गुरुजी वकिलीचं शिकत होते. त्यांनी सांगितलं की ९ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत ज्या कलमाला घटनेचा प्राण मानलं, ते हेच, कोर्टात दाद मागायच्या हक्काचं. आज ते बत्तिसावं कलम आहे. हे मी आत्याला माझ्या भाषेत समजावून सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजी बाबानं ठिवलेलं दार लावून टाकलं म्हन की."

"हो."

"मंग कोर्ट लिवनार न्हाई तर आपून लिवायचं. नीट अक्षरात लिव."

त्यानंतर तिचा वेडेपणा मला कधी वाटला नाही.

सभेला बंदी होती. पाच माणसं एकत्र दिसली तरी हवालदार काठी आपटायचा. पण मयताला आणि जलदान विधीला परवानगी लागत नव्हती. बारशाला लागत नव्हती. त्रिसरण-पंचशील म्हणायला बायका बसल्या तर त्यांना उठवायला हवालदारही कचरायचा. मग आमच्या सगळ्या बैठका तिथंच व्हायला लागल्या. वंदना व्हायची, मग दिवा बारीक करून बोलणं व्हायचं. मुसलमान बायका दारात बसायच्या, पण बसायच्या. जी मातंग मावशी कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती, ती याच काळात आत आली. चहा प्याली. हेही मी वहीत लिहिलं होतं. आत्यानं विचारलं, हे कशाला? मी म्हणालो, हे पण कुणी लिहिणार नाही.

मे १९७६ मध्ये आमच्यापासून थोड्याच अंतरावरची जनता कॉलनी उठवली. सत्तर हजारांच्या आसपास माणसं. तमिळ, मुसलमान, मराठी, सगळ्या मुलखांची. कित्येक वर्षं ती वस्ती कोर्टात आणि रस्त्यावर लढत होती. तिथूनच जॉकिन अर्पुथम हा झोपडपट्टीवाल्यांचा पुढारी वर आला. पण आणीबाणीत तिचं काही चाललं नाही. माणसांना सामानासकट ट्रकांत भरलं आणि ट्रॉम्ब्याच्या बाजूला चिता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकलं. त्या दिवशी आमच्या गल्लीचं मडकं पहिल्यांदा गल्लीबाहेर गेलं. बायकांनी रात्रभर भाकरी थापल्या. कुणी भाषण केलं नाही. भाकऱ्या पोहोचवून बायका परत आल्या तेव्हा त्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. एकजण एवढंच बोलली, "ते आज. आपून उद्या."

आमच्यावर उद्या आला तो नसबंदीच्या रूपानं.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. उत्तरेत फार झालं असं म्हणतात, ते खरं आहे. पण महाराष्ट्र काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये रस्त्यावरच्या माणसांना गाड्यांत भरून नेलं होतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ साली मंजूरच करून टाकलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. कायदा नसतानाही कोटा होता. कोटा म्हणजे वरच्यानं खालच्याला सांगायचं, इतक्या केसेस आण. उतरत उतरत तो कोटा सगळ्यांत खालच्या माणसावर येऊन पडायचा. आमच्या गल्लीत तो चौथ्या घरात येऊन पडला.

चौथ्या घरात एक काका राहायचे. झाडू मारायच्या कामाला होते. साहेबानं सांगितलं, दोन केसेस आण, नाहीतर पगार विसर. एक महिना पगार अडला. दुसरा अडला. घरात चार पोरं. तिसऱ्या महिन्यात काकानं दोन नावं दिली. दोन्ही आमच्याच गल्लीतली. एक हमाल होता, दोन मुलींचा बाप. दुसरा चोवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. पहाटे कामाच्या नाक्यावरून दोघांना गाडीत घातलं. दोन दिवसांनी परत आले. हमालाची जखम पिकली. तीन महिने त्याला ओझं उचलता आलं नाही.

नावं कुणी दिली हे लपून राहिलं नाही. पोरं पेटली. त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याचा जलदान विधी होता. वंदना झाली आणि एका पोरानं उभं राहून सांगितलं : बहिष्कार. चौथ्या घराला नळावर नंबर नाही. भिशी नाही, मडकं नाही. मयताला खांदा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथंच बसलो होतो. हमाल भिंतीला टेकून बसला होता.

आत्या उठली. तिचे शब्द मला जसे आठवतात तसे लिहितो.

"छप्पन्न सालानंतर माज्या सासऱ्यानं मेलेली ढोरं वढायची सोडली. गावानं बहिष्कार घातला. सात म्हयनं. दुकानदार मीठ देत न्हवता. हिरीत घान टाकली. माजं तान्हं लेकरू तवा गेलं. बहिष्कार काय आसतो त्ये तुमी आयकलंय, म्या खाल्लाय. त्येच हत्यार आता आपल्या हातात घ्यायचं? चौथ्या घरची बाई हंडा घिऊन कुटं जाईल, खाडीत? तिनं नावं दिली का?"

एक पोरगा म्हणाला, "मग त्याला काहीच नाही? सोडून द्यायचं?"

"न्हाई सोडायचं. त्येनं हितं येऊन सांगायचं, म्या केलं म्हून. समद्यांम्होरं."

काका आले. उभ्यानं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज निघत नव्हता, पण नावं दोन्ही घेतली. मग ठरलं ते असं : मडकं आधी हमालाच्या घरी जाईल, जखम बरी होईपर्यंत. त्यानंतर चौथ्या घरी, पगार अडलेला आहे तोवर, म्हणजे पुन्हा नाव द्यायची पाळी येणार नाही. आणि खात्यात गाडी निघायची कुणकुण लागली की काकानं आत्याला सांगायचं.

हमाल तेवढ्यात बोलला. "तुमी त्याला खाऊ घाला. म्या त्याच्या तोंडाकडं बघनार न्हाई." आत्या म्हणाली, "तुजा हक्क हाय." त्याला कुणी समजवायला गेलं नाही.

त्यानंतर नळावर एक खूण ठरली. पहाटे रांगेत पहिल्या नंबरावर हंडा उपडा असला की समजायचं, गाडी येणार आहे. पुरुषांनी नाक्यावर जायचं नाही. खाडीत तिवरांच्या आत गुडघाभर चिखलात उभं राहायचं, ऊन वर येईपर्यंत. त्या दिवसाची मजुरी बुडायची. ज्याची बुडाली त्याच्या घरी मडक्यातलं पीठ. दोनदा काकानं खबर दिली, दोन्ही वेळा गाडी रिकामी गेली. तिसऱ्यांदा गाडी दुसरीकडूनच आली. काकाला पत्ता नव्हता. हंडा सुलटा होता. एकोणीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या पोराला त्या दिवशी नेलं. त्याच्या आईनं वहीत मला स्वतः सांगून लिहायला लावलं : वय एकोणीस, लग्न झालेलं नाही. दोनदा लिहायला लावलं.

म्हणून मी ही गोष्ट विजयाची म्हणून सांगत नाही. पूर्ण वाचलो नाही. पण त्रेचाळीस घरं तुटली नाहीत. आणि मला पक्कं वाटतं, बहिष्कार घातला असता तर ती तुटली असती. सरकारला तेच पाहिजे होतं. साहेबानं कोटा दिला तेव्हा त्याला केसही पाहिजे होती आणि शेजारी शेजाऱ्याच्या विरोधात उभा राहिला तर तेही हवंच होतं. आत्यानं त्याला केस दिल्या नाहीत आणि भांडणही दिलं नाही.

हमाल बरीच वर्षं जगला. काकाशी शेवटपर्यंत बोलला नाही. त्याच्या मयताला काका आले आणि लांब, मागे उभे राहिले. कुणी त्यांना पुढे बोलावलं नाही. कुणी हाकललंही नाही. ते आत्याचं बरोबर होतं की पोरांचं, यावर आमच्या पिढीतले आजही भांडतात. भांडावं.

२१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली. त्या निवडणुकीत मतदार याद्या आल्या तेव्हा आमची वही पुन्हा बाहेर निघाली. कुणाची नावं गळली हे वहीवरून कळलं. पुढे शहा आयोग बसला, १९७८ मध्ये त्याचे अहवाल आले. आमच्या गल्लीचं नाव त्यात नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीनं १९७८ मध्ये नियम केला की आणीबाणीतही जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. एप्रिल १९७६ चा तो निकाल सुप्रीम कोर्टानं २०१७ साली स्वतःच पुसून टाकला. एक्केचाळीस वर्षं लागली. कागदावरची दुरुस्ती फार मोलाची आहे, बाबासाहेबांच्या लेकरांनी तरी तिला कमी लेखू नये. पण एक्केचाळीस वर्षं माणूस तिवरांत उभा राहू शकत नाही. तोवर काय करायचं, हा आपला प्रश्न आहे.

पोरांनो, तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या खिशात मोबाईल आहे, एका मिनिटात हजार जणांना निरोप जातो. चांगलं आहे. पण जो निरोप हजारांना जातो तो हवालदारालाही जातो, आणि ज्या दिवशी वरून बटण बंद होईल त्या दिवशी हजारही नाहीत आणि दहाही नाहीत. आमच्या आत्याचं मडकं संकट आलं म्हणून ठेवलेलं नव्हतं. ते आधीपासून होतं. म्हणून संकटात चाललं. गाडी दारात आल्यावर शेजाऱ्याचं नाव विचारायला गेलात तर तो दार लावून घेणारच. त्याचा दोष नाही.

म्हणून शेवटी थोडं विचारतो. तुमच्या गल्लीत घरं किती? रात्रपाळीला कोण जातं? कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं असतं? कुणाचं रेशनकार्ड नाही? कुणाला आज कोटा दिला गेलाय आणि तो कुणाला सांगत नाहीये? मातंगाच्या घरचा चहा तुम्ही शेवटचा कधी प्यालात?

उत्तरं येत नसतील तर एक वही घ्या. दोनशे पानी पुरते.

जयभीम.